नववीचा गठ्ठा

त्या दीड वर्षात आमच्या घरी कुणी आलं तर त्याला बसायला जागा होती ती पेपरांवर. पडेगावच्या शेवटच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि मोरीला लागून हातभर अंगण. पप्पा शाळेत शिपाई. साथ आली, शाळा बंद झाली आणि वर्गांमधली बाकं काढून तिथं आजारी माणसांसाठी खाटा टाकल्या, तेव्हा हेडमॅडमनी पप्पांना सांगितलं, "मधुकर, परीक्षेचं सगळं सामान तुझ्या घरी ने. इथं कोण कशाला हात लावील, नेम नाही." एका आपेरिक्षात दोन पत्र्याच्या ट्रंका आणि सुतळीनं बांधलेले तेरा गठ्ठे आले. ट्रंका कॉटखाली गेल्या. गठ्ठे भिंतीला लावून रचले आणि आईनं त्यावर गोधडी टाकली. पप्पा त्याच्यावर झोपायचे. कूस बदलली की खालून कागद करकरायचे. त्या आवाजानं मला जाग यायची, आणि जाग आली की मी उठून कडी लागलीय का ते बघून यायचे. कडी लागलेलीच असायची. जायचं कुणाला होतं? बाहेर दौलताबादच्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जायची, ती लांब गेली की छावणीकडची कुत्री ओरडायची, आणि आम्ही तिघं आत.

हे मी होसूरला बसून लिहिते आहे. होसूर तमिळनाडूत, बंगळुरूला लागून. इथं एका कारखान्यात मी फोनच्या बारीक तुकड्यांची तपासणी करते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दिसतात ते फक्त डोळे. वयानं मी म्हातारी नाही, पण शाळा लवकर सुटली की शाळेचे दिवस लई लवकर जुने होतात. खोलीत आम्ही आठजणी, आणि मला खिडकीजवळचा पलंग मिळालाय, याबद्दल मी रोज कुणाचे तरी मनातल्या मनात आभार मानते. मला सवयच आहे ती, आभार मानायची आणि घाबरायची. पप्पा आता रिटायर व्हायला आलेत, म्हणून हे लिहायचा धीर झाला. याआधी लिहिलं असतं तर त्यांना त्रास झाला असता.

आमच्या शाळेत गणिताला ढाकणे सर होते. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशाला कायम लाल शाईचा डाग. दौलताबादच्या बाजूला त्यांची पेरूची बाग होती आणि वर्गातलं निम्मं बोलणं त्या बागेवरनं चालायचं. "छाटल्याशिवाय पेरू धरत नाय," असं म्हणून ते नववीच्या पेपरांना बसायचे. आमच्या शाळेची रीतच होती ती, आणि आजूबाजूच्या शाळांचीही असावी: नववीत मार्क कापायचे, म्हणजे पोरं दहावीत घाबरून अभ्यासाला लागतात. उत्तर बरोबर असलं तरी 'समजा' लिहिलं नाही म्हणून दोन गेले, एकक लिहिलं नाही म्हणून एक गेला, समास वाकडा म्हणून अर्धा. जो हुशार त्याचे जास्त कापायचे. जो बुडायला आलाय त्याला मात्र ते हळूच पस्तिशीच्या वर काढून ठेवायचे. नववीच्या पहिल्या सत्रात मला गणितात चोपन्न पडले. मी रडले. सर म्हणाले, "रड, रड. दहावीला हसशील." घरी पप्पांनी मार्क बघितले आणि तेही हसले. सरांनी कापलेत म्हणजे पोरीत काही तरी आहे, असा त्याचा अर्थ शाळेतला शिपाईसुद्धा लावायचा. नववीचे मार्क म्हणजे झाडाखाली पडलेल्या फांद्या, त्यांची कुणी मोजदाद ठेवत नसे.

त्याच वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही, आणि पहिल्या सत्राचे मार्क हाच नववीचा निकाल असं ठरलं. तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही. आम्ही सगळे पुढं ढकलले गेलो, दहावीत. दहावी म्हणजे पप्पांचा फोन आणि त्यात ढाकणे सरांचा अर्धा चेहरा. त्यांना कॅमेरा धरता यायचा नाही, कपाळ आणि पंखा दिसायचा. माझी मैत्रीण रुबीना आमच्याकडं यायची, कारण तिच्या घरात फोन एक आणि भावंडं चार. ती गठ्ठ्यांवर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "देख गे शीतल, पूरी शाळा मेरे नीचे है." आई तिला येसरची आमटी आणि गरम भाकरी द्यायची. तोंड भाजत ती खायची आणि गणित आलं की, "मेरेको नक्को, तूच कर," म्हणून वही माझ्याकडं सरकवायची.

पावसाळ्यात एकदा सिलेंडर लांबला. आईनं मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली. तुराट्या ओल्या, पेटेनात. मी बाहेर आले तेव्हा आईच्या मांडीजवळ एक सुटलेला गठ्ठा होता आणि ती एकेक पेपर चुरगाळून तुराट्यांखाली सारत होती. नववीचं गणित. मुली आधी, मुलं नंतर असा आमचा हजेरीचा क्रम, त्यामुळं वर होते ते मुलींचे.

"आई, हे शाळेचं हाय."

"नववीचं हाय. गेल्या वर्षीचं. नववीला कोण इचारतं?"

मलाही ते पटलं, हे लपवून उपयोग नाही. मी ओणवी झाले, माझा अठरा नंबरचा पेपर शोधून काढला, पोलक्यात खोचला, आणि उरलेले आईच्या हातात दिले. एकेक करून दिले. त्यात रुबीनाचाही होता. वर तिचं हिरव्या शाईतलं नाव होतं, मी वाचलं आणि दिला. तुराट्या पेटल्या. भाकरी चांगल्या झाल्या त्या दिवशी, टम्म फुगल्या. मी माझाच का ठेवला, तर लाल शाईनं एवढं कापलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं आणि मला ते दहावीच्या निकालाशेजारी ठेवून बघायचं होतं.

दहावीची परीक्षा रद्द झाली ते आम्हाला टीव्हीवर कळलं. रुबीना आनंदानं ओरडली. मी सूत्र ऐकायला थांबले. निम्मे मार्क नववीचे. बाकीचे निम्मे दहावीच्या वर्षातल्या घरच्या चाचण्या, तोंडी, स्वाध्याय यांचे. मला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिथला प्रवेश दहावीच्या मार्कांवर, आणि खासगी कॉलेज आमच्या घरात कुणी उच्चारतही नव्हतं. म्हणजे मला तो एकच दरवाजा होता, आणि त्याच्या आड ते चोपन्न येऊन उभे राहिले. पप्पांनी रिमोट खाली ठेवला. "कापलेलेच धरणार का काय?" एवढंच ते म्हणाले.

शाळेत निकालाची समिती बसली. ढाकणे सरांनी तिथं सगळ्यांसमोर सांगितलं की मी नववीत जाणून कापलेत, ते आता दहावीत जाणार असतील तर मी पोरांचा गुन्हेगार आहे, मला पेपर परत तपासू द्या. हेडमॅडम म्हणाल्या, पेपर समोर असेल तर दुरुस्ती करा, नसेल तर नाही. शाळेत अजून खाटाच होत्या. म्हणून सर म्हणाले, "मधुकर, मीच येतो तुझ्याकडं. तिथंच बसून तपासतो." पप्पांनी घरी येऊन गठ्ठा काढला. सुतळी सोडली. पंचवीस नंबरपासून पुढं होते. मुलांचे सगळे. वरचे चोवीस नव्हते.

आई परातीत पीठ मळत होती. तिनं वर न बघता सांगितलं. पप्पा भिंतीला टेकून खाली बसले, मग म्हणाले, "नोकरी गेली."

"सांगू की, उंदरानं खाल्लं."

"उंदीर हजेरी बघून खातो का?" पप्पा म्हणाले, आणि मला हसू आलं. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, जाईना. माझा पेपर तेव्हा धान्याच्या कोठीखाली होता. त्या पेपराचं मी पप्पांना सांगितलं नाही. आईला माहीत होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

ढाकणे सर तीन दिवस आमच्या घरी आले. सकाळी नऊला यायचे, तोंडाला मास्क, हातात पेन्सिल. लाल पेन त्यांनी घरी ठेवलं होतं. गोधडी काढलेल्या गठ्ठ्यांवर बसायचे आणि मुलांचे पेपर एकेक करून मांडीवर घ्यायचे. मी समोर कोपऱ्यात पुस्तक धरून. दोन खोल्यांत जाणार कुठं? मोरीत गेले तरी त्यांचा आवाज यायचा. ते तपासताना बोलायचे. "हे बघ, बरोबर हाय की. का कापलं मी हे? ... अरे अरे अरे, चार कापले इथं. माणूस हाय का कसाई?" पप्पा त्यांच्यामागं उभे राहून मान हलवायचे. आई दर दोन तासांनी चहा करायची, आणि लगेच आत जायची. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला सर म्हणाले, "मधुकर, पोरांचे सरासरी एकोणीस वाढतायत. एकोणीस! म्हणजे एवढे मी खाल्ले होते." पप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "आता मुलींचे उद्या घेऊ," सर म्हणाले. पप्पा म्हणाले, "ते ट्रंकेत नाय सर. शाळेतच असतील. बघतो मी." तसं खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. ते चांगलं बोलले नाहीत.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. आम्ही झोपलो नाही एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलांचा शेवटचा पेपर झाला. पप्पा दूध आणायला बाहेर गेले, खरं म्हणजे बाहेर जायचं म्हणून गेले. सर ओट्याजवळच्या नळावर हात धूत होते. मी मागं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मुलींचे पेपर चुलीत गेले."

त्यांनी नळ बंद केला. "किती?"

"सगळे. माझा सोडून."

"तुझा का सोडून?"

मी कोठी तिरकी केली आणि पेपर काढला. पीठ लागलं होतं त्याला. सरांनी तो घेतला, ओट्यावरच उकिडवे बसले आणि तपासला. दहाएक मिनिटं लागली असतील. या वेळी ते काही बोलले नाहीत. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक आकडा लिहिला आणि मला दाखवला. शहाऐंशी. मी मनात हिशोब केला, आकडेमोड मला कायम पटकन यायची. गेल्या वर्षीच्या यादीप्रमाणं तेवढ्यानं मी पॉलिटेक्निकच्या आत जात होते.

"आता ऐक," सर म्हणाले. "हा पेपर मी समितीपुढं ठेवला तर तुझे शहाऐंशी. पण मग बाकीच्या तेवीस जणींचे कुठं गेले, तुझाच कसा राहिला, आणि तू कोणाची पोरगी, हे तीन प्रश्न येतील. तिसऱ्या प्रश्नाला तुझा बाप घरी बसंल. नाय ठेवला, तर मी सगळ्या मुलींना मुलांइतकीच वाढ मागतो, एकोणीस. कापणारा हात एकच होता. तुझे मग त्र्याहत्तर व्हतील. सांग, काय करू?"

मी लोकांना सांगते तेव्हा असं सांगते की मी म्हणाले, नका ठेवू. पण इथं खरं लिहायला हवं. मी काहीच बोलले नाही. मला तोंडातून नको काढवत नव्हतं आणि हो काढायची हिंमत नव्हती. मी दाराकडं बघितलं. दारात आई होती, हात पिठाचे. ती म्हणाली, "सर, ह्यांची सात वर्सं राहिलीत." एवढंच. मग माझ्याकडं न बघता आत गेली. सरांनी पेपर घडी घालून माझ्या हातात दिला. "कुणाला दाखवू नको," म्हणाले.

पप्पा दूध घेऊन आले तेव्हा सर कागदावर लिहीत होते, मुलींचा गठ्ठा मी स्वतः सांगून रद्दीत काढला, मधुकरचा त्यात संबंध नाही, वाढ मुलांच्या सरासरीनं द्यावी. ते त्यांनी पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पप्पांच्या हातातली पिशवी ओट्यावर टेकली. त्यांना कळलं की मी सांगितलंय. पेपराचं कळलं नाही.

समितीनं ते मान्य केलं आणि ढाकणे सरांना मेमो दिला. त्यांच्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा, कारण पुढच्या उन्हाळ्यात ते रिटायरच झाले. निकाल लागला, सगळे पास. पेढ्यांच्या दुकानांवर रांगा. रुबीना पळत आली, मास्क हनुवटीवर, "शीतल, मैं फर्स्ट क्लास! मेरेको गणित में पता है कित्ते? सर ने मेरेको पहचाना गे आखिर." नववीत तिला छत्तीस होते. सरांनी बुडणाऱ्यांना वर काढलं होतं त्यातलीच ती. पेपर पुन्हा तपासला असता तर छत्तीसचे तीसही राहिले नसते. चुलीत गेला म्हणून पंचावन्न झाले. त्या मार्कांवर तिला अकरावी सायन्स मिळालं, आता ती नर्सिंग करते, आणि चांगली करते. माझ्या आईला शुगर निघाली तेव्हा घरी येऊन सुई कशी घ्यायची ते तिनंच शिकवलं. मी तिला कधी सांगितलं नाही. कोणते मार्क खरे म्हणायचे, हे मला अजूनही ठरवता येत नाही. माझे त्र्याहत्तर खोटे, हे मात्र मला माहीत आहे.

पॉलिटेक्निकची यादी लागली. पप्पा आणि मी फोनवर बोट सरकवत खाली खाली गेलो. एका टक्क्यानं राहिले, म्हणजे पाचशेतल्या पाच मार्कांनी. पप्पांनी यादी दुसऱ्यांदा वरून वाचली. पुढच्या फेऱ्यांतही नाव वर सरकलं नाही. अकरावीला नाव घातलं, ती पुन्हा फोनवरच, आणि दिवाळीपर्यंत माझं त्यातून मन उठलं. मग अठरा भरल्यावर ओळखीतून इकडची भरती कळली.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पा मला ढाकणे सरांच्या पाया पडायला घेऊन गेले. सर बागेत होते. पप्पांनी पेढ्याचा पुडा पुढं केला आणि वाकून त्यांचे पाय धरले. "सर, तुमच्यामुळं भाकरी राहिली," म्हणाले. "पोरगीबी पास झाली." सर त्यांच्या पाठीवरून माझ्याकडं बघत होते. "किती कमी पडले?" त्यांनी विचारलं. मी पाच म्हणाले. त्यांना हिशोब यायला वेळ लागला नाही; त्र्याहत्तरचे शहाऐंशी म्हणजे तेरा, त्यातले निम्मे धरले तरी सहा वाढले असते. "मधुकर, ही तुझी पोरगी..." असं त्यांनी सुरू केलं. मी मान हलवली, नको. पप्पा अजून वाकलेलेच होते. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला नाही.

मी त्यांची ऋणी आहे. असं लिहिताना मला रागही येतो, आणि राग आला की भीती वाटते, की आभार कमी पडले तर दिलेलं परत जाईल. पप्पा अजून शाळेत घंटा देतात. दर रविवारी मी फोन करते. आई आधी बोलते, जेवलीस का, तिकडं ज्वारी मिळती का. मग पप्पा घेतात. मी इकडं आठजणींत राहते, बारा बारा तास उभी असते, हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते मनाला लागू नये म्हणून ते थट्टा करतात. थट्टा दर वेळी तीच असते.

"पाच मार्क गं शीतल. फक्त पाच. जरा अभ्यास केला असतास तर आज इथंच असतीस."

मागं आईची भांडी वाजायची थांबतात.

"व्हय पप्पा," मी म्हणते.